विश्लेषण : शिंगरांचा जीवघेणा न्यूमोनिया रक्तचाचणीतून कळतो का?

शिंगरू बागडते आहे, दूध पिते आहे. पण त्याच्या फुफ्फुसात पुवाची गळवे वाढत आहेत. ‘ऱ्होडोकॉकस इक्वी’ या जिवाणूमुळे जगभरच्या अश्वपैदास केंद्रांवर हे घडते. लक्षणे दिसेपर्यंत अनेकदा उशीर होतो. म्हणून भिस्त ठेवली जाते रक्तचाचणीवर. ती किती खात्रीची?

हा आजार नेमका काय?

हा जिवाणू १९२३ मध्ये स्वीडनमध्ये न्यूमोनिया झालेल्या शिंगरांमध्ये प्रथम आढळला. तो मातीत आणि लिदीत राहतो आणि कोरड्या हवेत धुळीबरोबर श्वासात जातो. प्रौढ घोड्यांना सहसा काही होत नाही. बळी पडतात ती प्रामुख्याने एक ते चार महिन्यांची शिंगरे. शरीरातील ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्यांच्याच आत हा जिवाणू तग धरतो.

रक्तातून काय समजते?

मुख्यतः दोन गोष्टी पाहतात : पांढऱ्या पेशींची संख्या आणि फायब्रिनोजेन या प्रथिनाचे प्रमाण. संसर्ग झाला की दोन्ही वाढतात. पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये १३ हजारांच्या वर गेल्या की शिंगराची पुढील तपासणी करावी, असा एक प्रचलित निकष आहे. मात्र शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढेच हे आकडे सांगतात. तो फुफ्फुसात आहे की सांध्यात आणि कोणत्या जंतूमुळे, हे त्यातून कळत नाही.

प्रतिपिंडांची चाचणी का पुरत नाही?

जिवाणू मातीतच असल्याने निरोगी शिंगरांचाही त्याच्याशी संपर्क येतो आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. शिवाय घोडीच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडेही शिंगराच्या रक्तात काही काळ असतात. त्यामुळे चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे शिंगरू आजारी, असे म्हणता येत नाही.

मग निदान कसे होते?

ताप, खोकला, धाप ही लक्षणे आणि छातीच्या सोनोग्राफीत किंवा क्ष-किरण चित्रात दिसणारी गळवे यांवरून संशय बळावतो. शिक्कामोर्तब होते ते श्वासनलिकेतून घेतलेल्या द्रावाच्या तपासणीने. त्यात जिवाणू वाढवून पाहतात आणि तो रोगकारक प्रकारचाच आहे का, हे पीसीआर चाचणीने तपासतात.

संशय येताच औषध का देऊ नये?

उपचारात मॅक्रोलाइड गटातील प्रतिजैविक आणि रिफॅम्पिसिन ही जोडी कित्येक आठवडे द्यावी लागते. त्याने शिंगराला जुलाब होऊ शकतात, उन्हाळ्यात अंगाचे तापमान धोकादायक पातळीवर जाऊ शकते. दुसरीकडे, लहान गळवे असलेली अनेक शिंगरे औषधाविना बरी होतात, हे जर्मनीतील अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेतील केंटकीमध्ये लक्षणे नसलेल्या शिंगरांनाही सरसकट औषधे दिली गेली, तेव्हा या औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढले. हा प्रश्न तबेल्यापुरता नाही. रिफॅम्पिसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचेही प्रमुख औषध आहे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसांना हाच जिवाणू ग्रासू शकतो.

रक्तचाचणीचे महत्त्व किती?

तापमानाची रोजची नोंद आणि ठरावीक अंतराने रक्ततपासणी केल्यास कोणत्या शिंगराकडे आधी लक्ष द्यायचे, हे ठरवता येते. एका आकड्यापेक्षा तो वाढतो आहे की उतरतो आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. पुण्याच्या परिसरासह जिथे जिथे स्टड फार्म आहेत, तिथे हा फरक मोलाचा आहे : रक्तचाचणी इशारा देते, निकाल नव्हे.