माळ्यावरचा वेताळ

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात लग्नातली भांडी, शाळेच्या वह्या, एखादी पोथी आणि अगदी तळाशी ‘चांदोबा’चे किंवा ‘इंद्रजाल’चे अंक. दिवाळीच्या आवराआवरीत पेटी खाली उतरते आणि दर वर्षी त्यातले थोडे रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते. वाचकहो, पुढच्या वेळी पेटी उतरवण्याआधी तिच्यात नेमके काय आहे, बाहेर त्याचे मोल कोण आणि कसे करतो, आणि ‘कॉमिक कॉन’ नावाचे जे मेळे मोठ्या शहरांत भरतात तिथे आपल्यासारख्याने जावे की नाही, हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून हा लेख.

आधी ‘चांदोबा’. मद्रासला १९४७ साली नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेल्या ‘चंदामामा’चे हे मराठी भावंड १९५२ साली निघाले. काटेकोर बोलायचे तर ते कॉमिक नव्हे, चित्रांचे गोष्टींचे मासिक. पण संग्राहक त्याला त्याच कपाटात ठेवतात. चित्र सगळ्या भाषांत तेच, मजकूर तेवढा बदललेला. तलवार उपसून, खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चाललेला विक्रम राजा आपल्या डोळ्यांपुढे येतो तो शंकर नावाच्या चित्रकाराच्या हातचा. के. सी. शिवशंकरन हे त्यांचे पूर्ण नाव. २०२० साली ते गेले.

आपल्याकडे या मासिकाला एक वेगळे महत्त्व होते. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, बाजारात मराठी, पण शाळेची पाटी हिंदीची. अशा घरांत मुलांच्या डोळ्यांना मराठी वाचनाची सवय लागली ती आजीच्या पोथीने आणि ‘चांदोबा’ने. पुण्या-मुंबईच्या मुलाला ‘चांदोबा’ ही करमणूक होती. इथल्या मुलाला ती दुसरी शाळा होती. म्हणून इथल्या पेटीतला अंक हा नुसता जुना अंक नाही, तो कोणी कसे मराठी टिकवले याचा कागद आहे.

‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने सुरू केले आणि १९९० मध्ये ते थांबले. ली फॉक यांचा मुखवटेधारी फँटम (अमेरिकेत तो १९३६ पासून वर्तमानपत्रांत येत होता) मराठीत ‘वेताळ’ झाला. भाषांतरकाराची ही निवड फार नेमकी होती. गावाच्या वेशीवर राखण करणारा वेताळ आपल्याला परका नाही, त्यामुळे कवटीच्या गुहेत राहणारा वेताळही परका वाटला नाही. झाडाला लोंबकळणारा ‘चांदोबा’तला आणि घोड्यावर बसणारा ‘इंद्रजाल’मधला असे दोन वेताळ एकाच पेटीत नांदत.

भारतात आणताना बदल आणखीही झाले. मूळ गोष्टीतला फँटमचा देश ‘बंगाला’. वाचकाला ते आपले बंगाल वाटू नये म्हणून तो ‘डेंकाली’ झाला, आणि त्याचे वैरी ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. सुरुवातीची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली. याच गोविंद ब्रह्मणियांनी पुढे आबिद सुरतींच्या ‘बहादुर’ची चित्रे काढली, १९७६ साली चंबळच्या डाकूंशी लढणारा हा नायक आला तेव्हा आपल्या मध्य प्रदेशाला प्रथमच कॉमिकात जागा मिळाली असे मी मानतो.

आणि ज्यांनी हिंदीच वाचले त्यांनीही खंत करू नये. ‘अमर चित्र कथा’ १९६७ ची, अनंत पै यांची. तिचा पहिला प्रसिद्ध अंक ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी चितारला. त्यावर क्रमांक मात्र ११ आहे, कारण आधीचे १० क्रमांक परदेशी परीकथांच्या कन्नड आवृत्त्यांना दिले होते. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा ‘नागराज’ १९८६ साली आला तो पुण्याच्या प्रताप मुळीकांच्या कुंचल्यातून. सौंसरच्या बसस्टँडवर भाड्याने हिंदी ‘नागराज’ घेऊन वाचणारा पोरगा मराठी हाताची रेघच पाहत होता.

आता मेळ्यांकडे वळू. अमेरिकेत सॅन दिएगो इथे १९७० साली एका हॉटेलात सुमारे ३०० लोक जमले, त्याचे आज लाखाच्या वर माणसांचे प्रस्थ झाले. आपल्याकडे पहिला ‘कॉमिक कॉन’ फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट इथे जतिन वर्मा यांनी भरवला. त्या मेळ्याने अनंत पै यांना जीवनगौरव दिला आणि थोड्याच दिवसांत, २४ फेब्रुवारीला, पै वारले. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथेही मेळे भरू लागले.

तिथे जाणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी. जुने कॉमिक हा तिथला मुख्य माल नाही. मोठे हॉल, कानठळ्या बसवणारे संगीत, व्हिडिओ गेमचे पडदे, जपानी पात्रांचे पोशाख घालून हिंडणारी मुले, खेळण्यांचे आणि टी-शर्टांचे स्टॉल. जुन्या अंकांची टेबले मोजकी आणि बहुधा कोपऱ्यात. आमच्या वयाच्या माणसाकडे मुले ‘काकांना कोणीतरी चुकून आणले’ अशा नजरेने पाहतात. पण त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन तास बसावे. ज्या अंकाचे फक्त नाव ऐकले तो हातात घेता येतो, पहिली छपाई आणि पुनर्मुद्रण शेजारी ठेवून पाहता येते, आणि चित्रकार भेटले तर सही मिळते. खरा व्यवहार तिथे होतच नाही. याद्यांची देवाणघेवाण होते, फोन क्रमांक लिहून घेतले जातात, अंक पुढे कधीतरी पोस्टाने येतात. जाताना स्वतःकडे काय आहे याची यादी न्यावी, अंक नेऊ नयेत. संत्र्याचा बगीचा झाडावरच मागायला येणारा व्यापारी आपण जन्मभर पाहिला आहे. पहिल्या बोलीला बगीचा देणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही.

किंमत कशी ठरते? १९३८ चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक १, सुपरमॅनचा पहिला, १० सेंटला विकला गेला आणि २०१४ मध्ये त्याची एक प्रत ३२ लाख डॉलरला गेली. कारण युद्धकाळात तिथे कागद गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, आयांनी घरे साफ केली आणि प्रती उरल्या थोड्या. मात्र नुसत्या दुर्मिळतेने भाव येत नाही, मागणारेही पाहिजेत. इथेच मराठी आवृत्तीचे दुखणे आहे. इंग्रजी ‘इंद्रजाल’ला देशभर गिऱ्हाईक, हिंदीला त्याखालोखाल. मराठी प्रती संख्येने कमी उरल्या, पण मागणारे त्याहून कमी. म्हणून विक्रेता त्या उचलत नाही, भाव येत नाही, आणि भाव नाही म्हणून घरचे रद्दीत टाकतात. बाजार त्यांना वाचवणार नाही. जुन्या ग्रंथालयांनीही पोरांची चित्रे म्हणून हे अंक क्वचितच बांधून ठेवले. उरले आपले माळे.

अंक तपासताना मधली पाने आधी मोजावीत, ती पिनांतून सुटून हरवतात. कोडे किंवा कूपन कापलेले आहे का ते पाहावे. ‘अमर चित्र कथे’च्या बाबतीत क्रमांक पाहावा: पुढच्या काळात क्रमांक नव्याने ५०१ पासून दिले गेले, तेव्हा ५०१ चा ‘कृष्ण’ हा ११ चा ‘कृष्ण’ नव्हे. जाहिरातीची पाने फाडू नयेत. पॉपिन्सच्या राम-श्यामवरून छपाईचा काळ कळतो. परदेशात अंकाला १० पैकी गुण देऊन त्याला कडक प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करण्याची पद्धत आहे. मला ती रुचत नाही. उघडता न येणारा अंक आणि वाळवीने खाल्लेला अंक, वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच.

जपणुकीचे मात्र आपण नीट शिकले पाहिजे, आणि त्यासाठी अमेरिकेला जायला नको. आम्हा जैनांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. त्या दिवशी मंदिरातली हस्तलिखिते बाहेर काढतात, झटकतात, हवा देतात, नव्या वेष्टनात बांधतात. कारंजा लाडसारख्या ठिकाणचे ग्रंथ शतके टिकले ते अशा नेमाने. मुहूर्तही कसा पाहा: उन्हाळ्याने कागद कोरडा झालेला आणि मृगाचा पाऊस तोंडावर. कॉमिकचा कागद वर्तमानपत्री, स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडणारा. त्याला ऊन दाखवू नये, सावलीतली हवा पुरे. अंक आडवे, थोडेथोडे, धुतलेल्या सुती कापडात. साधी पॉलिथिनची पिशवी नको, ती ओल धरते. गंजलेली पिन हळूच काढून सुती दोऱ्याने बांधावे. सेलोटेप कधीही लावू नये, त्याचा डिंक कागद जाळतो.

किडीसाठी परदेशी संग्राहक अंक गोठवणपेटीत ठेवून कसर मारतात. आम्हाला ते मानवत नाही: कसर दूर राहावी म्हणून आमच्या भांडारांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतात, पण आधीच लागलेली कसर त्यांनी जाईल अशी खात्री नाही. पुरचुंडी दर वर्षी बदलावी. पेटी उघडताना मात्र नाकाला रुमाल बांधा. बुरशीची धूळ दमेकऱ्याला सोसत नाही, हे डॉक्टर म्हणून सांगतो. आणि एका वहीत अंकाचे नाव, भाषा, क्रमांक, महिना, किंमत आणि तो घरात कोणी आणला हे लिहून ठेवा. शेवटचा रकाना कोणत्याही मेळ्यात विकत मिळत नाही, आणि तो भरू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.