पवित्र हार, अर्थात कमोडची सीट

इसवी सन ४०२२. हॉवर्ड कार्सन नावाचा हौशी पुरातत्त्वज्ञ मॅरेथॉन धावता धावता खड्ड्यात पडतो आणि थेट एका बंद दारापुढे पोचतो. मुठीला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी. कार्सनच्या लेखी ती थडग्यावरची पवित्र मुद्रा! खरं तर हे १९८५ साली गाडलं गेलेलं एक अमेरिकन मोटेल. गाडलं गेलं तेही कशाखाली, तर टपालाचे दर चुकून उतरल्यामुळे कोसळलेल्या जाहिरातपत्रांखाली.

डेव्हिड मॅकॉले यांचं 'मोटेल ऑफ द मिस्टरीज' हे सचित्र पुस्तक १९७९ सालचं. मॅकॉले शिकले वास्तुकला. 'कॅथीड्रल' (१९७३) आणि 'पिरॅमिड' (१९७५) या पुस्तकांत त्यांनी दगडावर दगड रचून इमारती उभ्या केल्या होत्या. इथे त्याच लेखणीने इमारत उकरायला घेतली. थाट अगदी उत्खननवृत्तांताचा.

पलंगावर एक सांगाडा, हातात रिमोट, समोर टीव्ही. म्हणजे महावेदी आणि तिच्याशी संवाद साधायचं साधन. बाथटबमधला दुसरा सांगाडा शवपेटीत विसावलेला. कमोड हा पवित्र कलश. बर्फाच्या भांड्यात म्हणे मृताचे अवयव जपून ठेवत. आणि कार्सनची सहकारी हॅरिएट बर्टन कमोडची सीट गळ्यात घालून, कानांत टूथब्रश लटकवून ऐटीत उभी!

या चित्रामागे एक खरा फोटो आहे. हाइनरिख श्लीमान यांना १८७३ साली ट्रॉयमध्ये सोन्याचे दागिने सापडले. पत्नी सोफिया यांचा ते घातलेला फोटो जगभर गाजला. सोफियाने शालीत लपवून खजिना बाहेर काढला, असं श्लीमान यांनी लिहिलं. प्रत्यक्षात तेव्हा त्या अथेन्समध्ये होत्या. खजिनाही होमरच्या ट्रॉयहून सुमारे हजार वर्षं जुन्या थरातला निघाला.

कार्सनला हसावं तेवढं थोडंच. पण तो खोटं लिहीत नाही. दिसलं ते सारं नोंदवतो, अर्थ तेवढा चुकतो. ज्यांची ही नक्कल, त्यांच्या बाबतीत मात्र गडबड नेमकी नोंदीतच आहे.

कार्सन या नावात हॉवर्ड कार्टर दडलेला आहे, आणि मोटेलच्या 'टूट-एन-कमॉन' या नावात कार्टरने ज्याचं थडगं शोधलं तो इजिप्तचा राजा तुतानखामून. कार्टरच्या रोजनिश्या ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. २६ नोव्हेंबर १९२२ला मेणबत्ती धरून त्याने थडग्यात डोकावलं. उत्खननाला पैसा पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनच्या 'काही दिसतंय का' या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर रोजनिशीत एक आहे आणि १९२३च्या पुस्तकात जरा वेगळं, जास्त गाजेल असं.

हे चालून जाईल. पुढचं नाही. दफनकक्ष समारंभाने उघडला तो फेब्रुवारी १९२३मध्ये. कार्टर, कार्नार्व्हन आणि कार्नार्व्हनची मुलगी एव्हलिन त्याआधीच भिंतीतल्या भोकातून गुपचूप आत जाऊन आले होते. भोकापुढे मग टोपली आणि लव्हाळे ठेवण्यात आले. कार्टरच्या पुस्तकात या फेरीचा शब्दही नाही. ती उघड झाली १९४०च्या दशकात, त्याच्याच पथकातले रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकस यांच्या लेखांतून. कार्टर १९३९ सालीच वारला होता.