खाली ऊब आहे, वाट नाही

कोकणात उन्हवऱ्याच्या किंवा वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडाशी उभं राहिलं की खाली ज्वालामुखी धुमसत असावा, असंच वाटतं. 1966 मध्ये केंद्र सरकारने गरम झऱ्यांसाठी समिती नेमली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पुढे कोकणात पाणी तपासलं, छिद्रं पाडली. निष्कर्ष असा निघाला की हे पाणी पावसाचंच. भेगांतून खोल उतरतं, खडकाची ऊब घेतं आणि थंड व्हायच्या आत दुसऱ्या भेगेतून वर येतं. खाली विस्तव फुललेला नसतो; पाण्याची वाटच सगळं ठरवते.

बीडला अशा कुंडाची ओळख नाही. इथल्या पाण्याची कीर्ती निराळी: मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधलेली खजाना विहीर, जिचं पाणी भुयारी पाटाने आपसूक शेतांपर्यंत जाई. ते पाणी वरच्या थरातलं. 1972 च्या दुष्काळाने लोकांना खाली बघायला लावलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच वर्षीची. मग गावोगाव बोअरच्या गाड्या आल्या. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, परत मांजऱ्या. कुठे पाणी, कुठे नुसता फुफाटा.

या काळ्या पाषाणाखाली, म्हणजे बेसाल्टखाली, काय आहे हे मात्र 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर कळलं. तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतलं. सुमारे 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक, मग थेट पुरातन ग्रॅनाइटी पाया. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी मोजलेला उष्णतेचा ओघ दर चौरस मीटरला सुमारे 43 मिलिवॅट, म्हणजे साधारणच. ‘किल्लारीखाली लाव्हा’ ही त्या काळातली कुजबुज तिथेच संपायला हवी होती.

ते 8 मीटर मला महत्त्वाचे वाटतात: एवढ्याशा थरात पाण्याला लांबची वाट मिळत नाही. गाळाचा खडक शेकडो मीटर जाड असला, की सच्छिद्र वालुकाश्मातून पाणी मैलोन्‌मैल फिरतं. जिथे थंड पाणी खाली झिरपतं तिथली जमीन खोलवर गार राहते. जिथे ते भ्रंशरेषेने वर चढतं तिथे कमी खोलीवरच ऊन पाणी लागतं. म्हणजे दोन बोअरांत काही कोसांचं अंतर आणि तापमानात जमीन-अस्मानाचा फरक, आतली उष्णता तेवढीच असूनही. गेवराई-माजलगावच्या शिवेवरून जाणारी गोदावरी पुढे तेलंगणात अशाच जाड गाळाच्या, कोळशाच्या खोऱ्यात शिरते. तिथे मणुगूरुला कोळशासाठी घेतलेल्या छिद्रांतून ऊन पाणी उसळलं, आणि सिंगरेणी कंपनीने त्यावर 20 किलोवॅटचा प्रायोगिक संच उभा केला. मराठवाड्यात ऊन पाणी पाहायचं तर किनवट तालुक्यात उनकेश्वरला जावं लागतं, जिथे बेसाल्टची चादर संपत येते.

बीडच्या खोल बोअरचं पाणी पहाटे कोमट लागतं, त्यावरून अधूनमधून वीजनिर्मितीची चर्चा रंगते. किल्लारीचा ओघ आणि बेसाल्टची उष्णतावाहकता धरून हिशेब केला, तर दर 100 मीटरला सुमारे अडीच अंश वाढतात. 200 मीटरवर पाच. त्यावर दिवाही लागणार नाही. शिवाय राज्याचा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपलीकडे विहीर खोदायला मनाई करतो, तीही पाण्याच्या काळजीने.