घरच्या फ्रीझरास इन्व्हर्टर केवढा असावा ?

आमचें चिरनेर गांव पूर्वीं पनवेल तालुक्यांत मोडत असे; आतां तें उरण तालुक्यांत आहे. तालुका बदलला, तरी पावसाच्या तोंडीं वीज जाण्याची रीत बदललेली नाहीं. अलीकडे अनेक शेतकरी बंधूंच्या घरीं फ्रीझर आले असून त्यांत आमरस, मटार, मासळी अशी बेगमी सांठविली जाते. ती विजेच्या खंडांत कशी राखावी, याविषयीं स्वानुभवाचे चार शब्द लिहीत आहों.

आमच्या २०० लिटरच्या फ्रीझरवर १२० वॅट हा आंकडा आहे. घरांत इन्व्हर्टर ६०० व्हीएचा. तेव्हां तो सहज पुरेल, असा आम्हीं हिशेब मांडला. महसुलाच्या दप्तरांत आंकडेमोड करण्यांत आयुष्य गेलेलें, म्हणून संशयही आला नाहीं. ज्येष्ठांत एके रात्रीं वीज गेली. इन्व्हर्टर दोन-तीनदां ओरडला व बंद पडला. वीज दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आली. दरम्यान घरच्या मंडळींनीं झांकण दहादां उघडून पाहिलें. वर्षाचा आमरस आंबला, तो उकिरड्यावर गेला.

चूक यंत्राची नव्हे, आमच्या हिशेबाची होती. चिखलांत रुतलेली गाडी हलवितांना बैलांस जें बळ लागतें, तें गाडी चालूं लागल्यावर लागत नाहीं. कॉम्प्रेसरचें तसेंच आहे. सुरू होतांना तो क्षणभर पांच-सहापट वीज ओढतो. म्हणजे १२० वॅटचा फ्रीझर सुमारें ७०० वॅट मागतो. शिवाय ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. साधारणतः त्याचे आठ-दशांश, म्हणजे ४८० वॅटच मिळतात.

सबब इन्व्हर्टर सुरुवातीच्या ओढीवरून निवडावा व बॅटरी तासांवरून. वरील फ्रीझर, एक पंखा व एक दिवा यांस १००० ते ११०० व्हीएचा इन्व्हर्टर योग्य. तो साईन वेव्हचाच घ्यावा. चौकोनी लहरीच्या स्वस्त यंत्रावर मोटर तापते. ज्या फ्रीझरचा कॉम्प्रेसरच इन्व्हर्टर पद्धतीचा असतो, तो हळूहळू वेग घेतो व त्याची पहिली ओढ बरीच कमी असते.

आतां बॅटरी. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास यांचा गुणाकार १८०० वॅट-तास होतो. परंतु बॅटरी तळापर्यंत उपसूं नये व कांहीं वीज यंत्रांतच खर्ची पडते. म्हणून १००० धरावे. कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो असें धरल्यास सरासरी ६० वॅट, अधिक इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च १५. एकट्या फ्रीझरास सुमारें १३ तास मिळतात. पंखा-दिवा लावल्यास तितके कमी.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां जिल्ह्यांतील अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत होतीं. अशा वेळीं एका बॅटरीवर भिस्त ठेवूं नये. जनित्राची सोय पाहावी. एरव्हीं वीज गेल्यावर झांकण मिटलेलेंच ठेवावें. भरलेला फ्रीझर न उघडल्यास माल दिवसभर सहसा गोठलेला राहतो.

शेवटीं एक बिनखर्ची युक्ति. वाटींत पाणी गोठवून वर एक नाणें ठेवावें व वाटी फ्रीझरमध्येंच असूं द्यावी. परगांवाहून परतल्यावर नाणें बर्फांत बुडालेलें दिसलें, तर मागें माल वितळून पुन्हां गोठला असें समजावें व तो पानांत वाढूं नये.