की वेस्टचे महापौर

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिणेला समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ आहे. रस्त्याने जाता येते असे तिच्यातले शेवटचे बेट म्हणजे की वेस्ट. लांबी सुमारे चार मैल, रुंदी दीडएक मैल. क्यूबाचा किनारा इथून नव्वद-पंचाण्णव मैलांवर, म्हणजे आपल्याच राज्यातल्या मायामीपेक्षा जवळ. स्पॅनिश लोक या बेटाला 'कायो उएसो', म्हणजे हाडांचे बेट, म्हणत. इंग्रजी कानांनी त्या 'उएसो'चे 'वेस्ट' केले असे मानतात. वस्ती सव्वीस हजारांच्या थोडी वर. आपल्याकडे असते तर 'क' वर्ग नगरपरिषद ठरून तिथे नगराध्यक्ष बसला असता. पण हे गाव स्वतःला शहर म्हणवते, तेव्हा आपणही त्याच्या प्रमुखाला महापौर म्हणू.

बेटांवरच्या शहरांचा इतिहास हा माझा जुना नाद. महापौरांच्या याद्या बहुतेक ठिकाणी नीरस असतात. व्यापारी, वकील, पुन्हा व्यापारी. की वेस्टची यादी मात्र मी वारंवार वाचतो. या पदाला अधिकार फारसा नाही. महापौर सभेचे अध्यक्षपद भूषवतो, सहा आयुक्तांच्या मतांत आपले एक मत टाकतो, आणि कारभार पाहतो तो नेमलेला नगर-व्यवस्थापक. मुंबईकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती असते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर मुंबई काही वर्षे महापौराशिवाय प्रशासकाच्या हाती राहिली आणि पाणी, कचरा, रस्ते रेटत चालूच राहिले. मग अशा पदासाठी लोक मत कशाला देतात? माझे उत्तर असे, की 'आमच्यातला' कोण, हे बेटाने दर वेळी या निवडणुकीतून सांगितले.

शहराची स्थापना १८२८ ची. सुरुवातीचा पैसा खडकांवर फुटलेल्या जहाजांचा. बुडत्या जहाजावरचा माल वाचवायचा आणि न्यायालयातून आपला वाटा घ्यायचा, हा इथला सनदशीर धंदा होता. पुढे १८६८ मध्ये क्यूबात स्पेनविरुद्ध दहा वर्षांचे युद्ध पेटले आणि तिथले चिरूट कारागीर कुटुंबांसह इकडे आले. कारखाने वाढले. १८९० च्या जनगणनेत अठरा हजार वस्तीचे हे बेट फ्लोरिडातले सर्वांत मोठे शहर होते.

त्या युद्धाचा प्रणेता कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस. १८७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्याला ठार केले. पुढच्याच वर्षी की वेस्टने त्याच्याच नावाच्या त्याच्या मुलाला महापौर निवडले. समुद्रापलीकडे ज्याचे नाव राजद्रोही, त्याचा मुलगा इथे पहिला नागरिक! निर्वासितांना आसरा देणारी गावे पुष्कळ सापडतील. त्यांच्यातल्या एकाला खुर्ची देणारी थोडी.

चिरूट टॅम्पाला गेला, धंदा बसला आणि १९३४ मध्ये शहराचे दिवाळे निघाले. शहराने कारभार राज्यपालांच्या स्वाधीन केला. त्यांनी तो केंद्राच्या मदत प्रशासनाचे ज्युलियस स्टोन यांच्याकडे सोपवला. निवडून न आलेल्या या माणसाने बेटाचे पर्यटनस्थळ करायचे ठरवले. आजचे की वेस्ट पुष्कळसे त्याच्याच निर्णयाचे अपत्य आहे, हे मान्य करावे लागते.

आता १९८२. बेकायदा स्थलांतरित आणि अमली पदार्थ शोधण्यासाठी केंद्राच्या सीमा पोलिसांनी बेटांकडे जाणाऱ्या एकमेव महामार्गावर नाके लावले. मैलोन् मैल गाड्यांची रांग, पर्यटकांनी फिरवलेली पाठ. महापौर डेनिस वॉर्डलो मायामीच्या न्यायालयात गेले, मनाई हुकूम मिळाला नाही. तेव्हा २३ एप्रिलला त्यांनी जाहीर केले, की आम्हाला परदेशी समजता ना, मग आम्ही स्वतंत्र! बेटावर जन्मलेल्याला 'कॉंक', म्हणजे शंखातला जीव, म्हणतात. म्हणून देशाचे नाव शंख-प्रजासत्ताक. नौदलाच्या वेशातल्या एका माणसाच्या डोक्यावर शिळा क्यूबन पाव मोडून युद्ध पुकारले, मिनिटभरात शरणागती पत्करली आणि एक अब्ज डॉलरची परकीय मदत मागितली. मदत आली नाही, नाका मात्र उठला. याला नुसता पोरखेळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्याकडे सोंग हेच हत्यार उरते.

पुढच्या वर्षी चित्रदालनाचे मालक रिचर्ड हेमन निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे न लपवता महापौर झालेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या काही जणांत ते होते. दोन-दोन वर्षांच्या दोन मुदती त्यांनी केल्या. १९९४ मध्ये एड्सने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे स्मारक शोधायचे तर ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या पाटीवर सापडते. मला हे फार आवडले. अनेक वर्षे शहराची घाण प्रक्रिया न होता समुद्रात जात होती आणि त्याच समुद्रावर शहर जगत होते. चौकातल्या पुतळ्यापेक्षा हा मान खरा.

त्यांच्यानंतर १९८९ मध्ये आले 'कॅप्टन टोनी' तारासिनो. जन्म न्यू जर्सीचा. इथे येऊन कोळंबी पकडली, बोटी चालवल्या आणि एकेकाळी हेमिंग्वे ज्या जागेत पीत बसे तिथे दारूचा गुत्ता चालवला. आधीच्या निवडणुकांत हरून शेवटी जिंकले ते अवघ्या ३२ मतांनी. प्रशासक म्हणून ते थोर होते असे मी म्हणणार नाही. पर्यटनाने बेटाचा तोंडवळा पुसू नये, हा त्यांचा धोशा मात्र पुढे खरा ठरला.

कारण २०२० मध्ये, टेरी जॉन्स्टन महापौर असताना, नागरिकांनीच मतदान करून प्रचंड पर्यटक जहाजांवर मर्यादा घातली. साठ टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. २०२१ मध्ये राज्याने कायदा करून तो कौल रद्द केला. मग शहराने आडवाट धरली आणि स्वतःच्या मालकीच्या धक्क्यांवरून मोठी जहाजे वगळली. खासगी धक्क्यावर ती पूर्वीसारखीच लागत राहिली.