चौकातल्या नव्वद सेकंदांची वाटणी

सिग्नल म्हणजे दिव्यांचा खांब असे आपण समजतो. वस्तुतः तो वाटणी करणारा आहे. नव्वद सेकंदांचे एक आवर्तन धरले, तर त्यातले कोणास किती द्यावयाचे हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. मजुरीच्या वाटाघाटींत आमचे आयुष्य गेले. त्यामुळे वाटणी दिसली की आम्ही प्रथम विचारतो, हिशेब कोणत्या माणसाला धरून केला?

आपल्याकडील अभियंते पादचाऱ्याची चाल सेकंदाला १.२ मीटर धरीत आले आहेत. त्या चालीने १४ मीटर रुंदीचा रस्ता सुमारे १२ सेकंदांत ओलांडला जातो. पण ही चाल धडधाकट माणसाची. गुडघे धरलेली म्हातारी किंवा कुबडीवरचा हमाल यांची चाल ०.८ मीटर धरली, तर त्याच रस्त्याला साडेसतरा सेकंद लागतात. म्हणजे बारावा सेकंद संपतो तेव्हा हमाल साडेनऊ मीटरांवर, मोटारींच्या ऐन समोर उभा! अमेरिकेने २००९ साली आपल्या नियमावलीत १.२ची चाल १.०७वर आणली. कागदावर फरक क्षुल्लक दिसतो. आमच्या या रस्त्यावर तो दीड सेकंदाच्या जवळ जातो.

सायकलवाल्याची गोष्ट निराळी. २४ मीटरांचा चौक ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार सव्वादोन सेकंदांत पार करते. ताशी १५च्या सायकलीला जवळजवळ सहा लागतात. दोन हिरव्यांमधला काळ मोटारीच्या मापाने बेतला असेल, तर हिरवा संपता संपता निघालेला सायकलस्वार मध्यावर असतानाच आडवी वाहने सुटतात. उपाय दोन: हा काळ वाढवावा, किंवा हॉलंडप्रमाणे सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे आखून त्यांना आधी निघू द्यावे.

अंधाला तर दिव्याचा उपयोगच नाही. त्याच्यासाठी आवाज हवा, पायाखाली खूण हवी. जपानमध्ये ओकायामा शहरी सेइइची मियाके यांच्या उंचवट्यांच्या फरशा १९६७ साली प्रथम बसल्या. इंग्लंडात बटणाच्या पेटीखाली एक लहान शंकू असतो. ओलांडण्याची वेळ झाली की तो फिरतो आणि बोटांना कळते. बहिऱ्या-अंधालाही तो चालतो, हे त्याचे विशेष.

आपला कायदा मागे नव्हता. १९९५च्या अपंगविषयक कायद्याच्या कलम ४५मध्ये आवाजी सिग्नल, पदपथाला उतार, पट्ट्यांवर खोदीव खुणा हे सारे होते. मात्र 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी मेख मारलेली होती, आणि अशी मेख कामगाराला नवी नाही! २०१६च्या कायद्याने कलम ४१ अन्वये अपंगांना वापरता येतील असे रस्ते ही शासनाची जबाबदारी केली.

मुंबईत दादर भागात २०२० साली पादचाऱ्यांच्या दिव्यांत स्त्रीची आकृती आली. आम्हांस ते आवडले. आता तिच्या कडेवरचे मूल आणि हातातली पिशवीही सेकंदांच्या हिशेबात यावी.

परभणीकरांनी जिंतूर रस्ता असो की वसमत रस्ता, आपल्या नेहमीच्या चौकात टेप धरून रुंदी मोजावी. पायी जाणाऱ्यांना सेकंद किती मिळतात ते तीनदा मोजावे आणि रुंदीला त्यांनी भागावे. उत्तर ०.८च्या वर आले, तर हा हिशेब अर्जात लिहून महानगरपालिकेस व पोलिसांच्या वाहतूक शाखेस द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.