एस वॉर्ड मोजायचा म्हणजे अख्खा भूतान मोजायचा

ज्यांना एपिसोड लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही किंवा ज्यांचा डेटा पॅक अर्ध्यावर संपला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. अडखळलेलं काढून टाकलंय, आकडे नीट लावलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

विषय जनगणना. थांबा, स्किप करू नका. मलाही वाटायचं की हा शाळेतल्या नागरिकशास्त्राचा चार मार्कांचा प्रश्न आहे. पण आधी एक तुलना ऐका.

2017 मध्ये भूतान या देशाने आपली माणसं आणि घरं मोजली. 30 मेपासून तीन दिवसांत काम झालं. आकडा आला 7 लाख 27 हजार 145. आता आपल्या महापालिकेचा एस वॉर्ड बघा, म्हणजे भांडुप, कांजूरमार्ग आणि विक्रोळीचा बराचसा भाग. 2011 च्या जनगणनेत इथे 7 लाख 43 हजारांहून जास्त माणसं होती. म्हणजे आपण ज्याला ‘वॉर्ड’ म्हणतो, तो माणसांच्या हिशोबाने एका देशापेक्षा मोठा आहे. आणि तेव्हा असे 24 वॉर्ड मिळून मुंबई होत होती.

छोट्या देशाला एक सोय असते. लोकांना दोन-तीन दिवस घरी थांबा म्हणून सांगता येतं. विक्रोळीत कोणाला सांगणार? एक जण पहाटेच्या शिफ्टला गेलेला असतो, दुसरा रात्रपाळी करून झोपलेला असतो, तिसरा डिलिव्हरीच्या बाइकवर पवईत फिरत असतो. म्हणून आपल्याकडे मोजणी दोन टप्प्यांत होते. आधी घरं मोजतात, त्याला घरयादी म्हणतात. मग काही महिन्यांनी माणसं. 2011 च्या जनगणनेत माणसांची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी अशी वीस दिवस चालली, आणि हिशोबाचा क्षण होता 1 मार्चच्या रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं. 28 तारखेला रात्री पावणेबाराला जन्मलेलं बाळ मोजायचं, सव्वाबाराला जन्मलेलं नाही. त्यासाठी 1 ते 5 मार्च पुन्हा एक फेरी मारून कोण जन्मलं, कोण गेलं, हे दुरुस्त केलं गेलं.

आणि 28 च्या रात्री ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी. स्टेशनबाहेर, पुलाखाली, फुटपाथवर. बृहन्मुंबईत असे 57 हजारांवर लोक नोंदले गेले. रात्री उशिरा स्टेशनबाहेरून चालत घरी येणाऱ्या कोणालाही हा आकडा कमीच वाटेल. मला तरी वाटतो.

आता प्रत्यक्ष मोजतात कसं? साधारण सातशे-आठशे माणसांमागे एक प्रगणक. बहुतेक वेळा शाळेतले शिक्षक किंवा पालिकेचे कर्मचारी. एस वॉर्डाचा 2011 चा आकडा धरला तर हजारेक प्रगणक लागतात. प्रत्येकाला एक हद्द दिली जाते. त्या हद्दीचा नजरी नकाशा हाताने काढायचा, गल्ल्या, नळ, देऊळ, शौचालय दाखवायचं आणि प्रत्येक दारावर नंबर टाकायचा.

माझी मावशी शिक्षिका. 2011 ला तिची ड्युटी विक्रोळी पश्चिमेला, डोंगरउताराच्या वस्तीत लागली होती. ती म्हणते, पहिले दोन दिवस माणसं मोजली नाहीत, दारंच शोधली. कारण कागदावर व्याख्या सोपी आहे. ज्याला स्वतःचं वेगळं मुख्य दार, ते एक जनगणना घर. आता चाळीत खाली एक खोली, बाजूने लोखंडी जिना, वर दुसरी खोली, तिच्या मागे पत्रा मारून तिसरी. जिना खालच्याच्या घरातून जातो की बाहेरून? बाहेरून जात असेल तर दोन घरं. आतून जात असेल तर एक. इतक्या बारीक गोष्टीवर एक कुटुंब यादीत येतं किंवा गळतं.

घरानंतर कुटुंब. इथे व्याख्या मला फार आवडते. एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. आपली भाषा हे आधीच ओळखून आहे, ‘त्यांची चूल वेगळी झाली’ असं आपण म्हणतोच. दोन भाऊ एका छताखाली राहतात पण गॅस दोन, तर कुटुंबं दोन. चार मित्र भाड्याच्या खोलीत राहतात, एकत्र शिजवतात, तर ते एक कुटुंब, आडनावं चार असली तरी.

मावशीचा खरा घोळ मात्र पुढे होता. तिनेच सांगितलेला संवाद लिहितो.

“ताई, घरात किती जण राहता?”

“चार, बाई.”

“आणि वरती?”

“वरती कोणी नाही.”

तेवढ्यात वरून मिक्सरचा आवाज येतो.

“ताई, मी पालिकेतून भाडेकरू बघायला नाही आले हो.”

“तसं नाही बाई, पण उद्या सर्वेत त्यांचं नाव लागलं तर खोली त्यांची व्हायची.”

हा शेवटचा शब्द पकडा. सर्वे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये कोणी वही घेऊन दारात आलं की पहिला प्रश्न असतो, कसला सर्वे आहे? आणि ही भीती उगाच नाही. 4 जानेवारी 1976 रोजी राज्य सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली. एका दिवसात. सुमारे 28 लाख लोक नोंदले गेले. ज्यांची झोपडी त्या यादीत आली त्यांना फोटोपास मिळाला. ज्यांची आली नाही, त्यांच्या डोक्यावर पाडकामाची टांगती तलवार. तुमच्या आजीच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक जुना कुटुंबाचा फोटो चिकटवलेला कागद असेल, तर तो तोच. पुढे तारखा सरकत गेल्या. 1985 झालं, 1995 झालं, 2000 झालं, नंतर पैसे भरून 2011 पर्यंतही. पण शिकवण एकच पक्की झाली की मोजणी म्हणजे पात्र की अपात्र.

म्हणून मला या एपिसोडमध्ये एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. देशाची जनगणना ही ती मोजणी नाही. तिच्यातून खोली कोणाच्या नावावर होत नाही आणि कोणाच्या नावावरून जातही नाही. हे माझं आश्वासन नाही, कायदा आहे. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 म्हणतं की प्रगणकाने भरलेली नोंद कोणाला पाहायला मिळणार नाही आणि एखाद्या दाव्यात पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही. घरमालक ती काढून दाखवू शकत नाही, भाडेकरूही नाही, बिल्डरही नाही. बाहेर येतात ते फक्त एकूण आकडे. या गल्लीत इतकी घरं, इतकी माणसं. उलट बाजूही सांगतो. प्रश्नांना खरं उत्तर देणं बंधनकारक आहे, नाही दिलं तर हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याच कायद्यात एक गंमत आहे. कलम 8 नुसार बाईला आपल्या नवऱ्याचं नाव सांगण्याची सक्ती नाही, रूढीने नाव घ्यायचं नसेल तर. 1948 चे लोक आपल्याकडच्या बायकांना चांगले ओळखून होते. मावशी म्हणाली, एका आजींनी नाव सांगितलं नाही पण उखाणा घेतला, आणि तिने त्यातून नाव उतरवून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, एक खोली राहिली मोजायची, तर बिघडलं काय? दर जनगणनेनंतर सरकार थोड्या भागात पुन्हा जाऊन तपासतं की किती जण सुटले. 2011 च्या तपासणीत उत्तर आलं, हजारामागे 23. ऐकायला छोटं वाटतं. 121 कोटींवर लावून बघा, पावणेतीन कोटींच्या घरात जातं.

आणि एकदा सुटलं की किती वर्षं सुटतं हे आपण आत्ता अनुभवतोय. 2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि देश 2011 च्याच आकड्यांवर चालत राहिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचं याची मर्यादा 2011 च्या लोकसंख्येवरून ठरली, देशभरात सुमारे 81 कोटी 35 लाख. तुमच्या घरात त्यानंतर बाळ झालं, तुम्ही रेशन ऑफिसला गेलात आणि ‘इष्टांक पूर्ण झालाय’ असं ऐकून परत आलात, तर त्या वाक्याच्या मुळाशी 2011 चं ते कोष्टक आहे. जानेवारी 2026 मध्ये आपण ज्या 227 प्रभागांत नगरसेवकासाठी मतदान केलं, त्यांच्या हद्दीही 2011 च्या लोकसंख्येवरच आखल्या होत्या. मधल्या काळात कन्नमवारनगरात जुन्या म्हाडा इमारती पडून टॉवर उभे राहिले. तिथली माणसं भाड्याने दुसरीकडे गेली, काही परतली, नवी आली. कागदावर मात्र अजून जुनी चार मजली बिल्डिंग.

डोंगराकडची बाजू तर अजून गंभीर. 18 जुलै 2021 च्या पहाटे सूर्यनगरला दरड कोसळली, घरं गाडली गेली, माणसं गेली. उतारावरच्या वस्तीत किती घरं, किती मजले, किती माणसं, हे आधीपासून माहीत असणं म्हणजे काय ते अशा वेळी कळतं. ‘वरती कोणी नाही’ हे उत्तर तेव्हा फार महागात पडतं.

टागोरनगरच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं. “दादा, माझं आधार, मतदान सगळं साताऱ्याला आहे. मी इथे रूम घेऊन राहतो. मग माझी मोजणी गावी ना?”

नाही भावा, इथे. जनगणना तू कुठला हे विचारून तुला तिकडे टाकत नाही, तू राहतोस कुठे ते बघते. आधारवरचा पत्ता, रेशन कार्ड, भाडेकरार, काही दाखवावं लागत नाही. 2011 चा नियम असा होता: मोजणीच्या काळात थोडे दिवस बाहेर गेलात तरी तुमच्या नेहमीच्या घरी नोंद, पण पूर्ण काळ दुसरीकडे असाल तर जिथे सापडाल तिथे. म्हणजे गावी आई प्रेमाने ‘माझी दोन पोरं मुंबईला आहेत, त्यांची पण नावं लिहा’ म्हणते, ते चुकीचं. तिकडे लिहिलं आणि इथे पण लिहिलं तर दोनदा मोजलास. तिकडे लिहिलं आणि इथे रूमवर कुलूप, तर विक्रोळीच्या पाण्याच्या आणि शौचालयांच्या हिशोबात तू नाहीसच. पाणी मात्र तू इथलंच पितोस.

तेव्हा आईला आजच फोन करून सांग. “आई, माझं नाव तिकडे नको सांगूस, मी इथे देतो.” ती थोडी रुसेल. पोरगा घरातून वजा झाल्यासारखं वाटतं त्यांना. समजावून सांग की हे रेशन कार्डातून नाव काढणं नव्हे.

पुढची जनगणना 2027 ची. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठरलाय, त्यात प्रत्येक राज्याचे आपले 30 दिवस. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, हिशोबाचा क्षण 1 मार्च 2027. जातीची नोंद याच दुसऱ्या टप्प्यात, त्यावर वेगळा एपिसोड करू, दोन वाक्यांत उरकायचा विषय नाही तो. यावेळी कागदी फॉर्म नाही, प्रगणक मोबाइल ॲपवर भरणार. आणि घरयादीच्या आधीचे 15 दिवस आपण स्वतः पोर्टलवर माहिती भरू शकतो, त्याला स्वगणना म्हणतात. भरल्यावर एक आयडी मिळतो, तो प्रगणक आला की दाखवायचा.

घरयादीत 33 प्रश्न आहेत. भिंत कशाची, छत कशाचं, खोल्या किती, लग्न झालेली जोडपी किती, पाणी घरात येतं की बाहेरून आणावं लागतं, शौचालय स्वतःचं की सार्वजनिक, इंटरनेट आहे का, घरात मुख्य धान्य कोणतं खाता. पगार, बँक खातं, शिल्लक यातलं काहीही नाही. कोणी विचारलं तर तो प्रगणक नाही, ओळखपत्र मागा आणि दार लावून घ्या.

‘खोल्या किती’ आणि ‘जोडपी किती’ हे दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. दहा बाय पंधराच्या एका खोलीत दोन लग्न झालेले भाऊ, हे विक्रोळीतलं रोजचं चित्र आहे, आणि ते सरकारी कागदावर येण्याची हीच एक जागा. तिथे लाजून ‘दोन खोल्या’ सांगू नका. पोटमाळा ही खोली नाही.

घरात फॉर्म भरायची वेळ आली की फोन तुमच्याच हातात येणार हे उघड आहे. आजोबा म्हणतील तू भर. भरताना वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पोरांनाही विचारा त्यांनी भरलं का. त्यांची चूल वेगळी, त्यामुळे त्यांचा फॉर्मही वेगळा.